किनाऱ्यावरचे गुन्हे आणि संशोधकाची वही : गुणात्मक पद्धतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांमध्ये समाजशास्त्र, समाजकार्य किंवा कायदा शिकणारी मुलं प्रकल्पासाठी गुन्ह्याचा विषय हौसेने घेतात आणि पहिल्या पंधरवड्यातच अडतात. अशा मुलांना मी बरीच वर्षं मार्गदर्शन करते आहे. दर जूनमध्ये तेच प्रश्न नव्या चेहऱ्यांनी समोर येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. पदव्युत्तर प्रबंध करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील.

गुणात्मक संशोधन म्हणजे आकडे नसलेलं संशोधन, एवढंच ना?

एवढंच नाही. घरफोडीचं उदाहरण घ्या. तालुक्यात वर्षभरात किती बंद घरं फुटली, हा मोजणीचा प्रश्न झाला. पण वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या घराची किल्ली गावात कोणाकडे असते? चाकरमानी शिमग्याला येतो, दार उघडतो आणि माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी गेलेली बघतो, तेव्हा त्याचा पहिला फोन कोणाला जातो? चोरी गणपतीनंतर झाली की दिवाळीनंतर, हे कोणालाच ठाऊक नसताना तक्रारीत तारीख काय पडते? ज्याच्याकडे किल्ली होती त्याच्याकडे गाव त्यानंतर कशा नजरेने बघतं? हे सगळं माणसांशी बोलून, त्यांच्यात बसून, कागद वाचूनच कळतं. त्या कामाला शिस्त लावणारी रीत म्हणजे गुणात्मक पद्धत. तुमच्या प्रबंधात आकडे जरूर असू द्या, फक्त ते कुठून आले हेही लिहा.

पोलिसांचे आकडे दरवर्षी छापून येतात. मग माणसांशी बोलायची गरज काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं लांब देते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वार्षिक आकडेवारी १९५३ सालापासून निघते (विभाग स्वतः १९८६मध्ये स्थापन झाला, त्याआधी हे काम दुसऱ्या यंत्रणेकडे होतं). त्यात मोजला जातो तो नोंदलेला गुन्हा. एका एफआयआरमध्ये चार कलमं लागली, तर मोजणीत त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरला जातो. खुनाबरोबर चोरी झाली असेल, तर ती चोरी तक्त्यात दिसत नाही. हा दोष मानू नका, मोजण्याची ती एक रीत आहे. पण वाचणाऱ्याला ती ठाऊक हवी.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. नोंदीतली पहिली गळती समुद्रातच होते. मासेमारीचे नियम १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमात आहेत. १ जून ते ३१ जुलै बंदी, पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या) जाळ्यांवरचे निर्बंध, एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्याला मनाई. २०२१च्या सुधारणेनंतर एलईडीसाठी दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातो. पण यातलं बहुतेक काही पोलीस ठाण्याच्या पायरीवर येत नाही. गस्तीनौका होडी पकडते, मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी प्रतिवेदन दाखल करतो, सुनावणी पूर्वी तहसीलदारांपुढे व्हायची आणि आता त्याच विभागातल्या अधिकाऱ्यापुढे होते. ज्या गोष्टीवरून मालवण-वेंगुर्ल्याचे रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि पर्ससीनवाले वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभे आहेत, ती गुन्ह्यांच्या तक्त्यात शोधायला गेलात तर जवळजवळ सापडणारच नाही. समुद्रातल्या भांडणातून किनाऱ्यावर मारामारी झाली, की त्या मारामारीची तेवढी नोंद होते.

दुसरी गळती गावात होते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली आणि कित्येक भांडणं समितीपुढेच मिटू लागली. तिसरी गळती देवळात होते. काजूच्या बिया चोरीला गेल्या, विहिरीवरचा पंप गेला, कलमावरचे आंबे रात्रीत उतरवले, तर कोकणातला माणूस ठाण्यात जाण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतो. कुठे कौल लावतात. ‘ज्याने नेलं त्याला देव बघून घेईल’ असं चारचौघांत म्हटलं जातं आणि पुष्कळदा वस्तू पडवीत परत येऊन पडते. ही सुद्धा न्यायाचीच एक वाट आहे. तिची नोंद ना ठाण्यात असते ना तहसीलमध्ये.

म्हणून मुलांना मी सांगते, ‘तक्रार केलीत का?’ असं विचारूच नका. ‘मग तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. दुसऱ्याने अख्खी गोष्ट उलगडते.

कोणकोणत्या पद्धती वापरता येतात?

सैलसर आराखड्याची मुलाखत ही रोजची. सात-आठ प्रश्न डोक्यात ठेवायचे आणि बोलणं जाईल तिकडे जायचं. त्यापुढची जीवनकथा, म्हणजे एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा बसून त्याचं आयुष्य त्याच्या शब्दांत ऐकणं. शिकागोत क्लिफर्ड शॉ यांनी १९३०मध्ये एका तरुण चोराची कहाणी अशीच त्याच्या तोंडून मांडली आणि गुन्हेगाराचं म्हणणंही अभ्यासाचं साधन ठरू शकतं, हे अभ्यासकांना पटलं. गटचर्चा स्वस्त आणि झटपट वाटते, पण छोट्या गावात गुन्ह्याबद्दल गटात कोणी खरं बोलत नाही. तिथे मानकरी काय म्हणतो तेच सगळे म्हणतात. गटचर्चा ठेवा ती ‘लोक चारचौघांत काय बोलतात’ हे बघायला.

कागदांकडे दुर्लक्ष करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानुसार संवेदनशील प्रकरणं वगळून एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पुष्कळ वाचायला मिळतं. जिल्हा न्यायालयांचे निकाल ऑनलाइन आहेत. उच्च न्यायालयातली आपल्या दोन जिल्ह्यांची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत, हे शोधताना लक्षात ठेवा. निकालपत्र वाचताना एक सवय लावून घ्या. आरोपी दोषी की निर्दोष हे शेवटी बघा. आधी साक्षीदारांचे जबाब वाचा. कोण फितूर झाला आणि उलटतपासणीत कोणतं जुनं जमिनीचं भांडण बाहेर आलं, त्यात गाव दिसतं.

किती माणसांशी बोललं म्हणजे पुरे?

नवं काही कळेनासं झालं की थांबायचं. २००६मध्ये घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यातले बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच सापडले होते. तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा विद्यार्थ्यांच्या तोंडी बसला आहे. पण त्या स्त्रिया एकमेकींशी पुष्कळ मिळत्याजुळत्या होत्या. मिरकरवाड्याच्या जेटीवर नौकामालक, तांडेल (होडीवरचा प्रमुख), नेपाळहून आलेला खलाशी, लिलाव पुकारणारा आणि टोपलीवाली मावशी हे पाच वेगळे गट आहेत. एका गटातले बारा नाखवे (नौकामालक) मिळून खलाशाची बाजू सांगू शकत नाहीत.

गावात शिरायचं कसं? पोलीस पाटलांना भेटून सुरुवात करावी का?

त्यांना भेटा, पण त्यांच्याबरोबर फिरू नका. पोलीस पाटील हे पद आता १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याखाली येतं आणि गावातली खबर ठाण्याला देणं हेच त्यांचं काम आहे. त्यांच्या मोटारसायकलवरून उतरलात, की तुम्ही कोण हे गावाने ठरवून टाकलं. सरपंचाबरोबर गेलात तर विरोधी वाडी तुटते, मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनबरोबर गेलात तर कर्ज थकलेला मच्छीमार तोंड उघडत नाही. दार उघडणारा प्रत्येक माणूस दुसरं एक दार बंद करतो. म्हणून निदान दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी आत जा आणि कोणत्या वाटेने कोण भेटलं ते वहीत लिहा.

हंगाम पाळा. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराला गाठू नका, पेटीचा भाव सोडून त्याच्या डोक्यात काही नसतं. गणपतीत सगळे घरी असतात खरे, पण आरत्या आणि पाहुण्यांतून वेळ निघत नाही. दर्यावर्दी माणसांसाठी जून-जुलै सोन्यासारखे. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, माणसं वळचणीला बसून जाळी सांधत असतात. हात कामात आणि तोंड मोकळं, यापेक्षा चांगली मुलाखतीची जागा मला ठाऊक नाही. शेजारी बसा आणि सुतळी धरायला सांगितली तर धरा.

‘तुम्ही बेकायदा मासेमारी करता का?’ असं थेट विचारलं तर चालेल?

चालणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दिवसभराचं काम विचारा. ‘परवाच्या फेरीचं सांगा, किती वाजता निघालात, जाळं कुठे टाकलंत, डिझेल किती गेलं.’ अशा बोलण्यात नियम मोडल्याचा भाग आपसूक येतो आणि माणसाला त्यात स्वतःला आरोपी करून घ्यावं लागत नाही. ‘बेकायदा’, ‘गुन्हा’, ‘चोरी’ हे शब्द तुमच्या तोंडून आधी जाऊ देऊ नका. त्यांचे शब्द कोणते ते ऐका. सिंधुदुर्गात गोव्याहून आणलेल्या बाटल्यांच्या धंद्याला ‘माल आणणं’ म्हणतात. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर उत्पादन शुल्क खातं जी ‘अवैध वाहतूक’ पकडतं, तीच ही. एका क्रियेला दोन नावं आहेत आणि त्या दोन नावांमधलं अंतर हाच तुमच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

बोलीत झालेली मुलाखत प्रमाण मराठीत लिहून काढायची का?

नाही. जशी बोलली तशी उतरवा. मालवणी माणूस ‘माका काय म्हायत नाय’ म्हणतो तेव्हा त्यात कधी खरंच अज्ञान असतं, कधी ‘पुढे विचारू नका’ अशी विनंती असते. ‘मला काही माहीत नाही’ असं सपाट करून टाकलंत की दोन्ही हातचं जातं. थांबणं, हसणं, आवाज खाली जाणं कंसात टिपा. प्रबंधात उतारा मूळ बोलीत द्या आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ. संगमेश्वरी, आगरी, कोळी, कोकणी मुसलमानांची बोली, प्रत्येकीची लकब वेगळी आहे. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवून ऐका, पण ते माणूस त्याच गावातलं नको.

माणसं खोटं सांगत असतील तर सगळं संशोधन वाया गेलं का?

वाया जात नाही. घटना काय घडली हे ठरवायचं असेल तर ताडून बघा. दुसऱ्या माणसाला, कागदाला, जागेला विचारा. पण माणूस स्वतःला कसा मांडतो हे समजून घ्यायचं असेल, तर त्याचं खोटंही कामाचं असतं. खोटं बोलताना तो कोणती गोष्ट लपवण्यासारखी मानतो, हे तर खरंच असतं ना.

निरीक्षणाने असं काय कळतं, जे मुलाखतीत कळत नाही?

वाळीत टाकणं घ्या. रायगड आणि रत्नागिरीतून अशा तक्रारी पुष्कळ आल्या. महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य, आणि जुलै २०१७पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा आल्यापासून ‘वाळीत’ हा शब्द गावाच्या तोंडून गेला. आता विचारलंत तर उत्तर येतं, ‘छे छे, आम्ही कोणाला वाळीत टाकलेलं नाही. आम्ही फक्त त्यांच्याकडे जात नाही.’ मुलाखत इथे संपते.

शिमग्यात जाऊन बघा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. ढोल वाजतात, अंगणं सारवलेली असतात, सुवासिनी ओटी घेऊन उंबऱ्यात उभ्या असतात. एका घराचं अंगणही तसंच सारवलेलं असतं, रांगोळी असते, पाट मांडलेला असतो आणि पालखी त्या घरापुढून न थांबता पुढच्या अंगणात वळते. कोणी काही बोलत नाही. ढोलसुद्धा थांबत नाही. मी हे एका गावात उभी राहून पाहिलं. त्या घरातली बाई ताट हातात धरून, पालखी वळणाआड जाईपर्यंत तशीच उभी होती. मग तिने ताट आत नेलं. त्या वर्षीच्या माझ्या वहीत या पाच मिनिटांना तीन पानं आहेत. मुलाखतींतून त्यातलं काहीच मला मिळालं नव्हतं.

त्यानंतर काय बघायचं ते कळलं. लग्नपत्रिका कोणाकडे गेली नाही, दुकानदार कोणाला ‘संपलं’ म्हणतो, मयताला खांदा द्यायला बाहेरगावची माणसं का आणावी लागली. बघितलेलं आणि त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ‘पालखी थांबली नाही’ हे बघितलेलं. ‘बहिष्कार आहे’ हा अर्थ. दोन्हींच्या मधे आणखी शक्यता असतात. घरात सुतक असेल, मानावरून न्यायालयात वाद चालू असेल. त्या तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

संशोधनात गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोलिसांना सांगावी लागते का?

विषय कुठलाही असो, मैदानात उतरण्याआधी हे समजून घ्या. वकिलाला अशिलाने सांगितलेल्या गोष्टींना कायद्याने गोपनीयतेचं संरक्षण आहे. संशोधकाला आपल्याकडे तसं संरक्षण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली तुमची वही किंवा ध्वनिमुद्रण हजर करा, असा आदेश येऊ शकतो. कलम ३३ तर सांगतं की खून, दरोडा यांसारख्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची, किंवा ते करण्याच्या इराद्याची, माहिती असलेल्या कोणीही ती कळवली पाहिजे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ आणखी कडक आहे. माहिती मिळाली की कळवायचं. न कळवणं हाच गुन्हा होतो.

अमेरिकेत १९९३मध्ये रिक स्कार्स नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने मुलाखतींतली माहिती ग्रँड ज्युरीला (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) द्यायला नकार दिला आणि १५९ दिवस तुरुंगात काढले. त्याच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. तरी विसाव्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्या वळणावर नेणं हे मार्गदर्शकाचं अपयश आहे, असं मी मानते. वाट सोपी आहे. जे तुम्हाला लागत नाही ते ऐकून घेऊ नका. मुलाखतीच्या सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगा, ‘दादा, नाव, तारीख, होडीचा नंबर, कोणाबरोबर होतात, यातलं मला काही सांगू नका. आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचं किंवा कोणाच्या जिवावर उठल्याचं कळलं, तर ते मला कळवावं लागेल.’ ऐकणारा यावर बिथरेल अशी मुलांना भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आधीच स्पष्ट सांगणाऱ्यावर माणसं जास्त विश्वास ठेवतात.

नाव बदललं की ओळख लपते ना?

लपत नाही. हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बंदरातल्या नाखव्याबद्दल टिपण लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं. पण ‘दोन मुली मुंबईत नर्स’, ‘होडीला हिरवा पट्टा’, ‘गेल्या पावसात जेटीवर पडून पाय मोडलेला’ हे तपशील तसेच राहिले, कारण ते मला जिवंत वाटत होते. टिपण एका चर्चेत वाचलं गेलं, तिथून फोटो काढून कोणीतरी बंदरात पाठवलं. पहिल्या परिच्छेदातच सगळ्यांनी त्याला ओळखलं. त्याच्यावर कारवाई झाली नाही, पण सोसायटीत त्याला खाली मान घालावी लागली. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा त्याच्या बायकोने चहा दिला आणि तो मागच्या दाराने बाहेर पडला. मी माफी मागितली. तुटलेलं जुळलं नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. बाहेरच्याला ओळख पटणार नाही, एवढ्यावर थांबायचं नाही, शेजाऱ्यालाही पटता कामा नये. कोकणात वाडी चाळीस घरांची असते. गरज पडली तर दोन-तीन माणसांचे तपशील मिसळून एक माणूस लिहा आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगा. खऱ्या-खोट्या नावांची यादी मुलाखतींच्या जवळ ठेवू नका, काम झालं की ती नष्ट करा. फोनवरचं रेकॉर्डिंग आपोआप इंटरनेटवर चढतं, ती सोय आधी बंद करा. आणि मुलाखतीची फाइल मार्गदर्शकालासुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

संमतीपत्रावर सही घ्यायलाच हवी का?

विद्यापीठं मागतात. पण जिथे कुळमुखत्यारपत्रावर सही घेऊन दलालाने जमीन विकल्याचे किस्से घराघरात आहेत, तिथे कागद पुढे केलात की मुलाखत संपली. शिवाय सही केलेला कागद हाच त्या माणसाविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. तोंडी संमती घ्या, तारखेसह स्वतःच्या सहीने नोंदवा आणि तसं करण्याची परवानगी नीतिमत्ता समितीकडून आधीच घेऊन ठेवा.

तुरुंगातल्या कैद्यांच्या मुलाखती घेता येतील का?

रत्नागिरीला विशेष कारागृह आहे, सावंतवाडीलाही कारागृह आहे. परवानगी कारागृह विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयातून लागते आणि वेळ लागतो. पदवीच्या एका सत्रात हे बसत नाही. परवानगी मिळालीच, तर न्यायाधीन बंद्याला त्याच्या खटल्यातल्या घटनेबद्दल एकही प्रश्न विचारू नका. शेजारी शिपाई उभा असताना तो जे बोलेल त्याला ‘मोकळी मुलाखत’ म्हणू नका.

ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्याशी बोलावं का?

पहिल्याच प्रकल्पात नको. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्या, समुपदेशक, वकील, परिचारिका यांच्याशी बोला. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, आणि बालकांबाबत बालन्याय कायद्याचं कलम ७४ तेच सांगतं.

गावकरी प्रत्येक चोरीचा दोष बाहेरच्यांवर टाकतात. तसंच लिहायचं का?

‘गावकरी असं म्हणतात’ हे लिहा, ‘असं आहे’ असं लिहू नका. बागेतला नेपाळी रखवालदार, बोटीवरचा परराज्यातला खलाशी, कोळसा भट्टीवरचं कातकरी कुटुंब, वस्तू हरवली की नजर आधी यांच्याकडे जाते. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, पण त्या शिक्क्याचा जाच विमुक्त समाज आजही सोसतो. तुमच्या प्रबंधातल्या एका बेसावध वाक्याने तसाच शिक्का कोणावर बसायला नको. संशय कोणावर घेतला गेला, पुढे तपासात काय निघालं आणि ज्याच्यावर संशय होता तो काय सांगतो, या तिन्ही गोष्टी शोधा. तिसरी बहुतेक प्रबंधांत नसते.

मुलाखती जमल्या. आता विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं?

एक नमुना बघू. हा उतारा मी शिकवण्यासाठी रचलेला आहे, तो खऱ्या कोणा माणसाचा नाही.

‘दिवे काय आम्हीच लावतो? बाहेरचे येतात, त्यांना कोण विचारत नाय. तीन दिवस फिरून रिकामा आलो तर खलाशांचा पगार कुठून देऊ? (थांबतो) मासळी काय कोणाच्या बापाची नाय, दर्याची हाय.’

आधी नुसतं दोनदा वाचा. मग समासात प्रत्येक वाक्यापुढे तो काय करतो आहे ते क्रियापदाने लिहा. दुसऱ्याकडे बोट दाखवतो, जबाबदारी मोजतो, थांबतो, मालकी नाकारतो. दहा मुलाखतींवर असं केलंत की काही खुणा पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एकत्र करा. सॉफ्टवेअर लागत नाही. रंगीत पेन्सिली आणि मोठी वही पुरते.

ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७मध्ये दाखवलं की नियम मोडणारा माणूस नियम मानतच नाही असं नसतं. तो आधी मनाची समजूत घालतो. त्यांनी पाच प्रकार सांगितले : जबाबदारी नाकारणं, नुकसान नाकारणं, ज्याचं नुकसान झालं त्यालाच नाकारणं, दोष देणाऱ्यांना दोष देणं आणि आपल्या माणसांप्रतीची निष्ठा पुढे करणं. आपल्या उताऱ्यात यातले तीन तरी सापडतात आणि विद्यार्थी खूश होऊन तिथेच थांबतात.

थांबू नका. ‘मासळी दर्याची’ हे वाक्य रापणकरही बोलतो. रापण ओढायला जो हात लावेल त्याला वाटा मिळतो. दर्याची म्हणजे सगळ्यांची, म्हणून एकाने खरवडून नेऊ नये, असा त्याचा अर्थ. पर्ससीनवाला तेच वाक्य घेतो आणि म्हणतो, दर्याची म्हणजे कोणाचीच नाही, ज्याला सापडेल त्याने घ्यावी. दोघेही ते वाडवडिलांकडून शिकले. इथे ‘नुकसान झालेल्याला नाकारणं’ एवढं लेबल चिकटवून भागत नाही. किनारा सामाईक मालकी कशाला म्हणतो आणि हे जुनं वाक्य नव्या जाळ्यांबरोबर कसं फाटलं, हा शोध परदेशी चौकटीने सुरू होतो खरा, पण पुढची वाट तिला दाखवता येत नाही. अशी फट सापडली की ती बुजवू नका, तिच्यावरच प्रकरण लिहा.

एका बंदराच्या अभ्यासावरून निष्कर्ष कसा काढता येईल?

‘कोकणात असं आहे’ असा काढता येणार नाही. ‘या परिस्थितीत असं घडतं’ असा काढता येतो, पण त्यासाठी परिस्थिती नीट रंगवावी लागते. बंदर केवढं, होड्या कोणाच्या, कर्ज कोणाचं, बर्फ कुठून येतो. मग हर्णैचा अभ्यास वाचणाऱ्या देवगडच्या माणसाला आपल्याकडे काय लागू पडतं ते स्वतः ठरवता येतं. आणि तुमच्या म्हणण्याला छेद देणारी मुलाखत लपवू नका. तीच आधी मांडा.

धोका वाटला तर?

निघून या. खाडीतला रात्रीचा वाळू उपसा, अमली पदार्थ, व्हेलच्या उलटीची किंवा खवले मांजराची तस्करी, हे विषय विद्यार्थ्यांनी मैदानात जाऊन करायचे नाहीत. निकालपत्रं आणि अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर त्यांचा उत्तम अभ्यास होतो. कुठे आहात हे घरी आणि मार्गदर्शकाला कळवलेलं असू द्या. मुलींनी जोडीने जा. मुलग्यांनीही.

काम झाल्यावर गावाला काय सांगायचं?

प्रबंध जमा करण्याआधी एकदा परत जा. ज्याच्या बोलण्याचा उतारा वापरला असेल त्याला तो एकट्याला वाचून दाखवा, त्याच्या बोलीत, सावकाश. तो ‘हे काढा’ म्हणाला तर काढा, कारण विचारू नका. कधी तो उलट म्हणतो, ‘हे राहू दे, पण तुम्ही इथे चुकलात,’ आणि पुढचा तासभर जे सांगतो ते आधीच्या तीन मुलाखतींत आलेलं नसतं. म्हणून वही आणि पेन तेव्हाही बरोबर असू द्या आणि शेवटच्या एसटीच्या वेळेवर नजर ठेवा. संध्याकाळी साडेसहानंतर बऱ्याच बंदरांवरून गाडी नसते.